उष्णतेची वाट

नागपुरात एसीच्या मेकॅनिकचं वर्ष होळीला उजाडतं. तोवर त्याला ‘जरा येऊन बघून जा’ म्हणणारं फारसं कोणी नसतं. धुळवड झाली, ऊन चटकायला लागलं, हिवाळाभर मुकाट भिंतीवर बसलेलं यंत्र घरोघरी पहिल्यांदा सुरू झालं, की त्याचा फोन खाली ठेवायची सोय राहत नाही. कोणाच्या एसीतून पाणी गळतं, कोणाच्या एसीतून कुबट वास येतो, कोणाचा नुसताच वारा मारतो. एप्रिल सरता सरता उत्तर ठरून गेलेलं असतं: आज नाही जमणार भाऊ, परवा बघू. आणि २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरून नवतपा लागला, की ‘परवा’चाही भरवसा उरत नाही.

या घाईत जी सर्व्हिस होते ती बहुतेकांनी पाहिली आहे. जाळी झटकली, इनडोअरवर दोन फवारे मारले, बाहेरच्या युनिटला गेज लावलं, ‘गॅस कमी आहे’ म्हणून थोडा गॅस सोडला, पैसे घेतले, निघाले. एकूण वीस मिनिटं. हेच काम नीट करायचं तर तास-दीड तास लागतो. मेकॅनिकला ते ठाऊक नसतं असं नाही. पण खाली गाडीवर बसलेला त्याचा हेल्पर पुढच्या चार पत्त्यांचे फोन घेत असतो आणि पंचेचाळीस अंशांत गच्चीवर उभं राहून तासभर धीराने काम करणं कोणाही माणसाला अवघड असतं.

म्हणून एसीच्या उन्हाळ्याचा विषय दिवाळी अंकात. ऑक्टोबर हीट संपते आहे, एसी पुन्हा बंद व्हायला आला आहे, आणि पुढचे तीन-चार महिने विदर्भ-मराठवाड्यातला मेकॅनिक मोकळा असणार आहे. तयारीचे महिने हे आहेत. फक्त ती कशाची करायची, हे आधी समजून घ्यायला हवं. कारण आपल्यापैकी बहुतेकांची तयारी ‘गॅस भरून घेतला’ या एका वाक्यात संपते, आणि नेमकं तेच काम बहुतेक वेळा लागत नसतं.

थंडी कुठून येते?

एसी थंडी तयार करत नाही. विहिरीतलं पाणी पंपाने उपसून बाहेर टाकावं, तशी तो खोलीतली उष्णता उपसतो आणि भिंतीपलीकडे टाकतो. आतल्या कॉइलमध्ये गॅस द्रवरूपात येतो, खोलीतल्या हवेची उष्णता शोषून त्याची वाफ होते. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो, त्यामुळे ती बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते, आणि गरम झाल्यामुळेच बाहेरच्या कॉइलमधून आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊ शकते. उष्णता दिली की पुन्हा द्रव, पुन्हा आत. बंद नळ्यांतला हा फेरा वर्षानुवर्षं चालतो.

किती उष्णता उपसली जाते, त्याचं माप टनात. हे माप बर्फाच्या जमान्यातलं. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उपसणारं यंत्र एक टनाचं. आजच्या हिशेबात साडेतीन किलोवॉट. म्हणजे आपल्या बेडरूममधला दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा तासाला साधारण ५७ किलो बर्फ वितळेल इतकी उष्णता खोलीबाहेर काढतो.

यंत्राचा जन्म माणसांच्या सुखासाठी झाला नव्हता. १९०२ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने त्या हवेतला ओलावा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. आपल्याकडे हे सुख आधी सिनेमात आणि रेल्वेत आलं. मुंबईत कुलाब्याच्या तोंडाशी असलेलं ‘रीगल’ १९३३ साली वातानुकूलित थिएटर म्हणूनच उघडलं. मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटिअर मेलच्या वरच्या वर्गाच्या डब्यांत १९३४ पासून गारवा यायचा तो डब्याखाली ठेवलेल्या बर्फाच्या लाद्यांवरून फिरवलेल्या हवेचा. ब्लू स्टार १९४३ साली, व्होल्टास १९५४ साली, दोन्ही कंपन्या मुंबईत सुरू झाल्या. पण मध्यमवर्गीय बेडरूमच्या भिंतीवर एसी दिसू लागला तो अगदी अलीकडे. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एसी किंवा कूलर असलेली घरं देशात चोवीस टक्के भरली, आणि त्यातही मोठा वाटा कूलरचा.

उपसणारं यंत्र हे एकदा लक्षात आलं, की देखभालीची सगळी यादी आपोआप तयार होते. आतली उष्णता कॉइलपर्यंत पोचायला हवी, गॅसने ती न सांडता वाहून न्यायला हवी, बाहेर ती टाकायला मोकळी जागा हवी आणि मुळात खोलीत ती कमीत कमी शिरायला हवी. उष्णतेची ही वाट जिथे अडते, तिथे बिल वाढतं आणि गारवा घटतो.

घरच्यांनी करायचं

पहिला अडथळा जाळीचा. इनडोअरचं झाकण उचललं की समोर दिसणारी प्लास्टिकची जाळी काढून साध्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची, परत लावायची. साबणाची सहसा गरज नसते, गरम पाण्याने ती वाकडी होते. रोज वापर असेल तर पंधरवड्याला एकदा. समोर रस्त्याचं काम चालू असेल तर आठवड्याला. नागपुरात गेल्या काही वर्षांत सिमेंटचे रस्ते, मेट्रो, उड्डाणपूल यांनी घराघरांत धूळ आणून ठेवली आहे. तिथे जाळी महिनाभर तशीच राहिली, तर तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं.

जाळी तुंबली की नुसता वारा कमी होत नाही. कॉइलवरून पुरेशी गरम हवा गेली नाही की कॉइलचं तापमान शून्याखाली उतरतं आणि हवेतला ओलावा तिथे गोठायला लागतो. कॉइलवर बर्फ धरतो, बर्फामुळे वारा आणखी अडतो, आणि काही तासांनी खोलीत पाणी ठिबकायला लागतं. गॅस कमी झाला तरीही कॉइलवर असाच बर्फ धरतो. लक्षण एकच, कारणं दोन. एक कारण घरच्या नळाखाली फुकटात सुटतं, दुसऱ्याला काही हजार लागतात. म्हणून बर्फ दिसला की आधी एसी बंद करून तो पूर्ण वितळू द्यावा, जाळी धुवावी, पुन्हा चालवून पाहावं. तरीही बर्फ धरला, तर मेकॅनिकला बोलवावं.

दुसरा अडथळा निचऱ्याच्या नळीचा. कॉइलवर जमलेलं पाणी खालच्या पन्हाळीत पडतं आणि नळीवाटे बाहेर जातं. पावसाळ्यानंतर त्या नळीत शेवाळी बुळबुळ धरते, कधी मुंग्या किंवा गांधीलमाशी तोंडाशी घर करते. पाणी मागे तुंबतं आणि भिंतीवर ओघळ येतो. बाहेरचं टोक मोकळं आहे ना, नळी कुठे वर चढून मग खाली उतरत नाही ना, तिचं टोक पाणी भरलेल्या बादलीत बुडलेलं नाही ना, एवढं पाहायला मेकॅनिक लागत नाही.

तिसरा अडथळा बाहेरच्या युनिटचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. बाल्कनीत युनिटभोवती जुन्या कुंड्या, रद्दी, मोडका पाळणा, वाळत घातलेली चादर. डक्टमध्ये बसवलेलं असेल तर कबुतरांची घरटी. युनिटच्या मागून आणि बाजूने हवा आत जाते, पंख्यातून पुढे फेकली जाते. पुढे भिंत किंवा काच असली तर तीच गरम हवा वळून पुन्हा मागच्या कॉइलमध्ये शिरते. हिवाळ्यात युनिटवर गोणपाट किंवा प्लास्टिक बांधून ठेवणाऱ्या घरांनी ते मार्चमध्ये न चुकता सोडावं. आवरणासकट एसी सुरू झाल्याचे किस्से प्रत्येक मेकॅनिककडे असतात.

चौथी गोष्ट विजेची. एसीला स्वतंत्र लाइन, स्वतःचा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं. पहिल्यांदा तासभर चालवल्यावर एमसीबी बंद करून प्लग काढावा आणि पाहावं. पिना काळवंडल्या असतील, प्लास्टिक पिवळं पडलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर सॉकेट सैल आहे. घरातल्या आगींची सुरुवात अशाच सैल जोडांतून होते. त्याला इलेक्ट्रिशियनच बोलवावा. बाहेरच्या युनिटचं झाकण मात्र घरच्यांनी उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार साठलेला राहू शकतो.

हे सगळं झालं की फेब्रुवारीच्या एखाद्या दुपारी चाचणी घ्यावी. एसी सर्वांत कमी तापमानावर, पंखा जोरात, वीस मिनिटं. मग साध्या थर्मामीटरने जाळीत शिरणाऱ्या हवेचं आणि बाहेर पडणाऱ्या थंड हवेचं तापमान मोजावं. फरक साधारण आठ ते बारा अंशांचा असला तर यंत्र ठीक आहे, गॅसचं नाव काढायची गरज नाही. दमट हवेत हा फरक थोडा कमी भरतो. तीन-चार अंशांवर अडकला, तर काहीतरी बिघडलं आहे आणि ते शोधायला अजून सवड आहे.

गॅस संपत नाही

मेकॅनिकच्या धंद्यातला सर्वाधिक पैसा एका समजुतीवर उभा आहे: एसीतला गॅस गाडीच्या पेट्रोलसारखा वापरून संपतो. तो संपत नाही. नळ्या बंद असतात. कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरावा अशीच रचना असते. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी गळला आहे. त्यामुळे ‘दरवर्षी थोडा टॉप-अप लागतोच’ हे वाक्य ऐकलं, की गळती कुठे आहे हे विचारायचं.

गळतीच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. इनडोअर आणि आउटडोअर जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांची टोकं पसरवून नटाने आवळलेली असतात. त्या जोडांतून सर्वाधिक गळतं. दुसरी जागा आतल्या कॉइलचे वाकलेले कोपरे. तिसरी, जिथे नळी भिंतीला किंवा स्टँडला घासते ती. गळतीजवळ तेलकट डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात.

नीट काम असं असतं: नळ्यांत नायट्रोजन भरून दाब तपासायचा, गळती सापडली की जोड पुन्हा करायचा किंवा वेल्डिंग करायचं, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा पूर्ण ओढून घ्यायचा, आणि यंत्राच्या पट्टीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितका गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. घाईच्या कामात नायट्रोजन नसतो, व्हॅक्यूम पंप दुकानात राहिलेला असतो, काटा कधी आलेलाच नसतो. थोडा गॅस सोडून नळ्यांतली हवा हुसकावून दिली जाते आणि बाकीचा अंदाजाने भरतात. आत राहिलेला ओलावा तेलाशी मिळून कॉम्प्रेसरला हळूहळू खातो. गॅस जास्त झाला तरी थंडावा कमीच होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

घरमालकाने यातलं शास्त्र शिकायची गरज नाही. फोनवरच तीन प्रश्न विचारावेत: गळती शोधणार का, व्हॅक्यूम पंप आणणार का, गॅस वजन करून भरणार का. तिन्हींना ‘हो’ म्हणणारा माणूस जास्त पैसे मागेल. ते द्यावेत. स्वस्त टॉप-अप दोन उन्हाळे केला, की त्या पैशांत हे काम एकदा झालं असतं.

कुठला गॅस आहे, हेही पट्टीवर लिहिलेलं असतं. जुन्या एसीत आर-२२ असतो. तो ओझोनच्या थराला मारक म्हणून माँट्रियल कराराखाली हद्दपार होतो आहे. भारतात त्यावर चालणारे नवे एसी बनवणं २०२५ पासून बंद झालं आणि २०३० पर्यंत तो जवळपास पूर्ण बाद व्हायचा आहे. मधल्या पिढीचा आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या दोन टनांना भारी आहे. आज सर्रास मिळणाऱ्या आर-३२ चा हा आकडा ६७५ किलोंवर आला आहे, म्हणजे साधारण एक तृतीयांश. काही एसी आर-२९०, म्हणजे प्रोपेनवरही चालतात. म्हणून गळती न शोधता केलेला टॉप-अप एका घराच्या खिशापुरता राहत नाही.

नव्या गॅसांनी कामाची जोखीमही बदलली. आर-३२ मंद का होईना पेटतो; प्रोपेन तर स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊबंद. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. जुने गेज आणि जुन्या नळ्या त्याला चालत नाहीत. आत गॅस असताना वेल्डिंगची ज्योत लावणं, नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनने दाब तपासणं, या चुका जीवघेण्या आहेत. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, पण बाजारातली बरीच मुलं कोणा उस्तादाच्या हाताखाली शिकून आलेली असतात. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने जो ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’ काढला, त्यात एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. दारात आलेल्या तंत्रज्ञाला प्रमाणपत्र विचारण्यात अपमान नाही. आणि आठव्या मजल्याच्या खिडकीबाहेर, गंजक्या स्टँडवर एक पाय ठेवून तो लटकत असेल, तर त्याला सेफ्टी बेल्ट विचारणं हे गॅसइतकंच घरमालकाचं काम आहे. युनिट असं बसवलं की ज्याला हात लावायला जीव धोक्यात घालावा लागतो, तर ती चूक बसवणाऱ्याची आणि ती मान्य करणाऱ्याची.

जेट सर्व्हिसबद्दल एक-दोन गोष्टी. वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, आतलं आणि बाहेरचं कॉइल पाण्याच्या दाबाने धुऊन घ्यावं. आत ब्लोअरच्या पात्यांवर काळा थर बसतो. जाळी कितीही धुतली तरी तो तिथे असतो आणि कुबट वास त्याचाच. धुताना सर्किट बोर्ड प्लास्टिकने झाकलेला हवा, फवारा पत्र्याच्या बारीक पात्यांना सरळ समोरून हवा. तिरका मारला तर पाती चेपतात आणि हवेची वाट बुजते. अॅसिडचं तीव्र पाणी वापरून ‘चकाचक’ करून देणाऱ्यापासून सावध राहावं. ते मळाबरोबर अॅल्युमिनियमही खातं.

लेबलवरचा उन्हाळा आणि आपला

एसी घेताना आपण स्टार मोजतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ही स्टारची पद्धत २००६ साली सुरू झाली, एसींना ती २०१० पासून सक्तीची झाली आणि २०१८ पासून आयएसईईआर हा वर्षभराच्या वापरावर आधारलेला निर्देशांक सक्तीचा झाला. दर काही वर्षांनी निकष कडक होतात, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा फाइव्ह स्टार आज फाइव्ह स्टार नसतो. लेबलवर वर्षाला किती युनिट हा आकडा असतो; दीड टनाच्या चांगल्या एसीला तो साधारण ७५० च्या आसपास दिसतो.

पण तो आकडा कुठल्या उन्हाळ्याचा, हे विदर्भाने पाहायला हवं. यंत्राची ‘दीड टन’ ही क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश असताना. वर्षाचा हिशेब धरला आहे १६०० तासांचा, आणि त्या तासांत बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश मानलं आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात तो ४७.९ वर पोचला होता. म्हणजे नवतपाच्या दुपारी आपला एसी लेबलच्या हद्दीबाहेर चालत असतो. बाहेर जितकं जास्त तापतं, तितकं उष्णता बाहेर टाकणं जड जातं. क्षमता घटते, वीज जास्त लागते. दीड टनाचा एसी भर दुपारी दीड टन राहत नाही आणि लेबलच्या सरासरीने तासाला अर्धा युनिट खाणारं यंत्र तेव्हा त्याच्या दुप्पट-तिप्पट खातं.

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली. संवेदक बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. शहराचं तापमान तेवढं नव्हतं. पण पश्चिमेच्या बंदिस्त बाल्कनीत, स्वतःचीच गरम हवा परत ओढणाऱ्या आउटडोअर युनिटच्या नशिबी तशी हवा खरोखर येते. मग दुपारी तीनला कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो, पंधरा-वीस मिनिटांनी सुरू होतो, पुन्हा पडतो. घरचे म्हणतात गॅस गेला. गॅस जागेवर असतो. उष्णतेला जायला वाट नसते.

म्हणून विदर्भात युनिटची जागा निवडणं हे ब्रँड निवडण्याइतकंच मोलाचं. उत्तर किंवा पूर्वेची भिंत, समोर मोकळी हवा, वर सावली. पण सावलीसाठी चारी बाजूंनी पेटी करायची नाही. गच्चीवर ठेवायचंच असेल तर तापलेल्या स्लॅबपासून उंच स्टँडवर. घेतानाच विचारावं की हे मॉडेल किती अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलं आहे. ५२ किंवा त्याहून जास्त अंशांपर्यंत चालणारी मॉडेलं बाजारात आहेत.

आणि मग खोली. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत खोलीत उष्णता ओतत राहतो. त्यावर फेब्रुवारीत पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग मारला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई, जाळी किंवा छज्जा दिला, दाराखालची फट बुजवली, तर एसीच्या कामाचा मोठा भाग तो सुरू होण्याआधीच हलका होतो. ऊन काचेतून आत आल्यावर आतून पडदा ओढण्यापेक्षा ते काचेबाहेरच अडवणं जास्त कामाचं. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि कवेलूंची घरं हे शास्त्र जाणून होती. खिडकीत वाळ्याचे पडदे भिजवणाऱ्या पिढीलाही ते माहीत होतं.

कूलरही मोडीत काढू नये. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ताट्यांवरून आलेला वारा अगदी थोड्या विजेत खोली गार करतो. त्याची मर्यादा जूनची. पहिले ढग आले, हवेत ओलावा चढला की पाणी सुकत नाही आणि कूलर घामात भर घालतो. दिवसा कूलर आणि झोपताना एसी अशी वाटणी करणारी कुटुंबं विदर्भात पुष्कळ आहेत. फक्त दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी लावायचे नाहीत. कूलरने आणलेला ओलावा काढण्यातच एसीची ताकद जाते.

समुद्राकाठचा एसी

मुंबई, रत्नागिरी, पणजीत प्रश्न वेगळा आहे. तिथे पारा ३३-३४ वरच असतो, पण हवा पाण्याने जड. एसीच्या कामाचा मोठा भाग हवा गार करण्याऐवजी तिच्यातलं पाणी काढण्यात जातो. रात्रभरात निघालेल्या पाण्याने बादली भरते. म्हणून किनाऱ्यावर निचऱ्याची नळी ही पहिली तपासणी. पावसाळ्यात थंडीची गरज नसताना ‘ड्राय’ मोडवर चालवलं तर कमी विजेत खोली कोरडी होते. बंद करण्याआधी थोडा वेळ नुसता पंखा चालवला तर कॉइल सुकतं आणि बुरशी कमी धरते.

दुसरा शत्रू खारा वारा. समुद्रासमोरच्या इमारतींत आउटडोअरची पत्र्याची पाती काही वर्षांत भुगा होतात, स्टँडचे बोल्ट गंजून हातात येतात. तांब्याचं कॉइल, पात्यांवर संरक्षक लेप, गंज न धरणारा स्टँड हे इथे चैनीचे पर्याय नाहीत. दर एक-दोन महिन्यांनी आउटडोअरवर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारला, यंत्र बंद ठेवून, तर मीठ बसत नाही. पुण्यात यातलं काहीच फारसं लागत नाही, आणि म्हणून पुणेकर आपला एसी विसरतो. तिथे उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी झाकण उघडलं की सर्किट बोर्डावर पाल मेलेली सापडते.

चोवीस अंशांचं राजकारण

१ जानेवारी २०२० पासून भारतात विकला जाणारा स्टार लेबलचा प्रत्येक खोलीचा एसी सुरू होताना २४ अंशांवर येतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या अंदाजाने तापमान एक अंश वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसी २० च्या खाली आणि २८ च्या वर जाऊच नये अशा नियमाचा विचार जाहीर केला, तेव्हा घरोघरी चर्चा रंगली. १६ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. १६ आणि २४ दोन्हींवर यंत्र सुरुवातीला तितक्याच जोरात चालतं, फक्त १६ वर ते थांबत नाही. २६ वर एसी आणि छताचा पंखा मंद, हे गणित बहुतेक शरीरांना पुरतं. महावितरणच्या बिलात १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावरचं युनिट महाग होत जातं. एसी घराला नेमका त्या वरच्या टप्प्यांत नेतो. वाचवलेली युनिटंही तिथलीच, म्हणजे सर्वांत महाग असतात.

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली, तोवरचा उच्चांक. त्यात एसींचा वाटा वाढतो आहे आणि तो रात्री सूर्य नसताना वाढतो. वस्तीतला ट्रान्सफॉर्मर मे महिन्यात रात्री अकराला उडतो त्यामागे हेच असतं. शिवाय दीड टनाचा एसी खोलीतली सव्वापाच किलोवॉट उष्णता आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता, असं मिळून जवळपास सात किलोवॉट गल्लीत सोडतो. गल्लीच्या दोन्ही अंगांनी वीस युनिट असली, आणि मधल्या एका घराकडे फक्त टेबलफॅन असला, तर त्या घराचा उन्हाळा बाकीच्यांनी वाढवलेला असतो. गळका, तुंबलेला, चुकीच्या जागी बसवलेला एसी हा भार आणखी वाढवतो. म्हणून यंत्र नीट ठेवणं हा शेजारधर्मही आहे, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीचा रंग व युनिटच्या जागा हे विषय पार्किंगइतकेच तावातावाने निघायला हवेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्या दिवाळीच्या जाहिराती त्याच सवलतीवर चालल्या, आणि जुना एसी काढून नवा घ्यायचा मोह अनेकांना होतो. पैसे खर्च करायचेच असतील तर क्रम असा ठेवावा. पहिला खर्च गच्चीचा रंग आणि पश्चिमेच्या खिडकीची सावली. तो एसी नसलेल्या खोल्यांनाही उपयोगी पडतो. दुसरा खर्च आहे त्या यंत्राची नीट, मोकळ्या महिन्यातली सर्व्हिस, आणि गळती असेल तर तिची कायमची दुरुस्ती. तिसरा आउटडोअरची जागा बदलण्याचा. हे तिन्ही करूनही फेब्रुवारीच्या चाचणीत थर्मामीटर चार अंशांवरच अडला, किंवा यंत्र आर-२२ चं आणि कॉइल सडलेलं निघालं, तर मग दुकानात जावं. पहिले तीन खर्च करून दुकानात गेलेल्या माणसाला बहुधा दीडऐवजी एक टनाचा एसी पुरतो.